पाटलाला संघटना, शिपायाला दरबार

राजगडावर जायला वाटा बऱ्याच आहेत. गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने चढायचं तर छातीचा भाता होतो. पालीकडून पायऱ्यांची वाट आहे. दमादमानं चढणारं म्हातारं माणूसही पाली दरवाज्यापर्यंत पोचतं. त्यामुळे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पुण्याकडची गर्दी नसरापूरला आत वळते, मार्गासनी, विंझर मागे टाकते, पाब्याजवळ कानंद नदी ओलांडते आणि वाजेघरावरून पालीच्या रस्त्याला लागते. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना भातखाचरं, आणि मध्ये समोरासमोर अडकलेल्या गाड्या. अशा वेळी त्या गाड्यांच्या मधोमध रेनकोट घातलेला एक पोलीस उभा दिसतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, बूट घोट्यापर्यंत चिखलात. ड्युटी कधी लागली असं विचारलं तर तो वेळ सांगेल. कधी सुटणार असं विचारलं तर हसेल.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. त्यात भोर आणि राजगड ज्यात येतो तो वेल्हे तालुकाही आला. आदेश योग्यच होता. पण धबधब्याखाली जाऊ नका, पाण्यात उतरू नका, कठड्यावर उभं राहून फोटो काढू नका, हे प्रत्येक माणसाला प्रत्यक्ष सांगायचं कोणी? ते काम त्याच रेनकोटवाल्याच्या गळ्यात पडलं. त्याच्या ठाण्याचं रोजचं काम त्या महिन्यात काही कमी झालं नव्हतं. समन्स बजावायचेच होते, रात्रीची गस्त घालायचीच होती, कुणाच्या बांधावरून झालेल्या भांडणाचा जबाब घ्यायचाच होता.

पालीसारख्या गावात सरकारी पोलिसाखेरीज आणखी एक ‘पोलीस’ असतो. त्याला गणवेश नाही, काठी नाही, पण त्याच्यावाचून ठाण्याचं पान हलत नाही. तो पोलीस पाटील. वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. प्रांताधिकारी त्याची नेमणूक करतात. गावात अनोळखी प्रेत सापडलं, दरड आली, यात्रेत कुणाची डोकी फुटली, की ठाण्याला पहिली खबर त्याची. त्याला पगार नाही, मानधन आहे. हे मानधन मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने महिना ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेलं. त्याच महिन्यात वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचाही निर्णय झाला, त्यामुळे इकडच्या लोकांच्या लक्षात नाव राहिलं, मानधन राहिलं नाही. पोलीस पाटलांच्या मात्र नक्की राहिलं.

ही वाढ आकाशातून पडली नाही. पोलीस पाटलांच्या संघटना आहेत. त्यांची अधिवेशनं भरतात, मंत्री येतात, हार घेतात, आश्वासन देऊन जातात, आणि पुढल्या वर्षी ते आश्वासन त्यांच्यासमोर पुन्हा वाचून दाखवलं जातं. कधी निवेदन, कधी मोर्चा, कधी मुंबईत आझाद मैदान. वर्षानुवर्षं हा रेटा चालला तेव्हा आकडा हलला.

आता विचित्र गोष्ट पाहा. गावात राहणारा, शेती करणारा, अर्धवेळ मानधनावरचा पोलीस पाटील संघटना करू शकतो. त्याची खबर घेऊन मोटारसायकलवरून येणारा, पूर्णवेळ पगारी पोलीस शिपाई करू शकत नाही. एकाच पंचनाम्यावर दोघांच्या सह्या असतात. एकाला आपल्या पोटापाण्याविषयी एकत्र बोलायची मुभा, दुसऱ्याने तेच केलं तर गुन्हा.

गुन्हा हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला सैन्य आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार दिला. त्याचा वापर करून १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याप्रमाणे स्पष्ट परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं सभासद होता येत नाही. निव्वळ सामाजिक, करमणुकीची किंवा धार्मिक मंडळं चालतील. म्हणजे भजनी मंडळ चालेल, क्रिकेटचा संघ चालेल. परवानगी नसलेल्या संघटनेत गेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ सांगतं की पोलीस हा कायम कामावर आहे असं समजायचं. चोवीस तास कामावर, आणि त्या चोवीस तासांविषयी चारचौघांत मिळून बोलायला बंदी.

मग तो बोलतो कुठे? त्यासाठी दोन जागा आहेत. एक ओ.आर., म्हणजे ऑर्डर्ली रूम. साहेबांसमोर टोपी घालून सावधान उभं राहायचं आणि आपली अडचण सांगायची. कसूर झाली असेल तर शिक्षाही तिथेच ऐकायची. जागा तीच, पवित्रा तोच. दुसरी जागा दरबार. पोलीस अधीक्षक येतात, हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या असतात, पुढच्या रांगेत अधिकारी, मागे अंमलदार. ‘कोणाची काही अडचण?’ असा प्रश्न येतो आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. मग एखादा जुना हवालदार उठून क्वार्टरचं छप्पर गळतं म्हणून सांगतो. साहेब शेजारच्या कारकुनाला टिपून घ्यायला सांगतात. दुसरा कुणी बायकोच्या आजारपणासाठी बदली मागतो. हे विषय चालतात. ‘गेल्या दोन महिन्यांत एकही साप्ताहिक सुट्टी मिळाली नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही, कारण ती सुट्टी ज्यांनी द्यायची ते प्रभारी अधिकारी पुढच्याच रांगेत बसलेले असतात आणि उद्याची ड्युटी त्यांच्याच सहीने लागणार असते.

चांगला अधीक्षक असला तर दरबारातून कामं होतात, यात शंका नाही. अनेकांनी केली आहेत. पण दरबार या शब्दातच सगळं आलं. तिथे अर्ज करायचा असतो, हक्क मागायचा नसतो.

अडचण किती खरी आहे याचे आकडे जुनेच आहेत. पोलीस ठाण्यांत आठ तासांची पाळी आणायची तर किती माणसं लागतील, याचा अभ्यास केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने केला. तो २०१४ मध्ये आला. देशभरातल्या ठाण्यांमधल्या सुमारे ९० टक्के कर्मचाऱ्यांना आठ तासांहून जास्त काम करावं लागतं, असं त्यात निघालं. सुमारे ७४ टक्के ठाणेप्रमुखांनी कबूल केलं की त्यांच्या माणसांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. हे शिपायाने केलेलं गाऱ्हाणं नाही, त्याच्या साहेबांनी दिलेली कबुली आहे.

महाराष्ट्रात पोलीस संघटना हा शब्द काढला की मंत्रालयातल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे एकच तारीख येते: १८ ऑगस्ट १९८२.

त्या वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बंदोबस्ताला अर्थातच पोलीस. पण गिरणगावात बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई आणि गेटवर घोषणा देणारा कामगार हे फार वेगळे नव्हते. एक वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत, दुसराही तसल्याच खोलीत. कुणी कोकणातून आलेला, कुणी साताऱ्याकडून, कुणी भोर-वेल्ह्याच्या मावळातून. तेव्हा पोलिसांची संघटना होती. पगार, घरं, कामाचे तास, साहेबांच्या बंगल्यावरची घरगडीकामं या तिच्या तक्रारी आजच्या शिपायालाही ओळखीच्या वाटतील. स्वातंत्र्यदिनाला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते, ज्युलिओ रिबेरो मुंबईचे आयुक्त. सरकारने संघटनेची मान्यता काढली, नेत्यांची धरपकड केली. आणि गिरणी संप सुरू झाल्याला बरोबर सात महिने झाले त्या दिवशी मुंबईचे पोलीसच रस्त्यावर उतरले. लोकल अडवल्या गेल्या, दगडफेक झाली, संपातले कामगार त्यात मिसळले, लूटमार झाली. संचारबंदी लागली, लष्कर आणि निमलष्करी दलं बोलावली गेली. माणसं मेली. पुढे कित्येक पोलीस बडतर्फ झाले.

त्या दिवसाचं समर्थन करता येणार नाही. शहराच्या रक्षणाचं कंकण बांधलेल्यांनी शहर उघडं टाकलं, हा लोकांच्या मनात बसलेला धक्का खोटा नव्हता. पण त्यातून सरकारने जो धडा घेतला तो अर्धाच होता. दंगल झाली ती संघटना होती म्हणून, असं मानलं गेलं. संघटनेशी बोलणी तुटल्यावर, तिचे नेते उचलल्यावर दंगल झाली, हा क्रम विसरला गेला. त्याआधी साडेतीन वर्षं, फेब्रुवारी १९७९ मध्ये, धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपला पहिलाच अहवाल शिपायांच्या हलाखीवर आणि तक्रार निवारणावर दिला होता. त्याच वर्षी देशात अनेक राज्यांत पोलिसांचा उद्रेक झाला. म्हणजे वाफ कुठे साठते आहे ते लेखी कळवलेलं होतं. मुंबईत झडप बसवायच्या ऐवजी झाकण घट्ट केलं गेलं.

त्यानंतर चार दशकं महाराष्ट्रातल्या शिपायाला जे काही मिळालं ते वरून मिळालं. ते वाईट नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा कुठल्या सल्लागार कंपनीने केलेला नव्हता. ठाण्यातल्याच रवींद्र पाटील नावाच्या शिपायाने आहेत त्याच माणसांत पाळ्या कशा बसतील याचं कोष्टक मांडलं आणि आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ते उचलून धरलं. पुढे ही पद्धत मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेली. २०२१ मध्ये महिला अंमलदारांसाठी आठ तासांची पाळी नागपूर शहरात सुरू झाली, मग अमरावती शहरात आणि पुणे ग्रामीणमध्ये, म्हणजे आपल्या भोर-वेल्ह्याच्या ठाण्यांतही. नंतर पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी ती राज्यभर प्रायोगिक म्हणून लागू करायला सांगितली. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झालं आणि शिपायाला निवृत्तीपूर्वी फौजदारकीचे तारे लागण्याची वाट जवळ आली.

देवनारचा किस्सा दोन्ही अंगांनी वाचण्यासारखा आहे. शिपायाला आपल्या कामाचं गणित साहेबांइतकं, कधी जास्तही, कळतं, ही एक बाजू. ते गणित ऐकणारा आयुक्त खुर्चीत असावा लागतो, ही दुसरी. राज्यात हजाराहून जास्त ठाणी आहेत. कोष्टक मांडणारे शिपाई त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी असतील. त्यांची कोष्टकं कपाटात आहेत.

शहरातली पाळी वेल्ह्यात जशीच्या तशी बसणार नाही, असं कुणी म्हणेल आणि ते खरं आहे. इथे एका बीटमध्ये डोंगरावरच्या वाड्या येतात. समन्स बजावायला गेलेला माणूस केळदच्या बाजूला गेला तर त्याचा दिवस गेला. तोरणा, राजगड, मढे घाट, पानशेतचं पाणी, सगळीकडे सुट्टीच्या दिवशीच माणूस हवा, आणि पोलिसाची साप्ताहिक सुट्टी तेवढ्यासाठीच मोडते. (नवख्याची आणखी एक फजिती होते. राजगड किल्ला वेल्हे ठाण्याच्या हद्दीत, आणि राजगड नावाचं ठाणं भोर तालुक्यात महामार्गालगत. किल्ल्यावर हरवलेल्या बॅगेची तक्रार घेऊन माणसं भलत्याच दारात उभी राहतात.) नेमकं म्हणूनच इथल्या पाळीचं गणित मुंबईत किंवा पुण्यात बसून जमणार नाही. ते इथल्या अंमलदाराला विचारूनच मांडावं लागेल, आणि विचारायला एकटादुकटा माणूस नाही, प्रतिनिधी लागतो. एकटा बोलला तर तो ‘तक्रारखोर’ ठरतो. प्रतिनिधी बोलला तर ते त्याचं काम असतं.

पोलिसाला तोंड नसलं की त्याचं घर बोलायला लागतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वाहतूक पोलीस विलास शिंदे यांच्यावर हल्ला झाला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा पोलीसपत्नी पुढे आल्या. उद्धव ठाकरे त्यांच्या शिष्टमंडळाला घेऊन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले. पोलिसांच्या मुलांनी ‘पोलीस बॉईज’ म्हणून संघटना काढल्या. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पोलीस कुटुंबांना घर किती किमतीला द्यायचं हा वाद २०२२ मध्ये पेटला तेव्हाही बोलली ती कुटुंबंच. आधी ५० लाख, मग २५, आणि शेवटी १५ लाख रुपये असा आकडा उतरत गेला. वरळी आणि नायगावच्या याच चाळी १९८२ मध्ये धुमसत होत्या. चाळीस वर्षांनी त्याच जिन्यांवरून निवेदनं घेऊन उतरल्या त्या शिपायांच्या बायका आणि निवृत्त बाप.

बायकोला पुढे करून नवऱ्याने मागे उभं राहायचं, ही काही शिस्तीची शान म्हणता येत नाही. शिवाय ते धोक्याचंही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणात विशेष पोलीस बटालियनच्या जवानांच्या बायका रस्त्यावर आल्या. सरकारने दोन दिवसांत ३९ जणांना निलंबित केलं आणि १० जणांना बडतर्फ. कर्नाटकात जून २०१६ मध्ये पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली. हाक देणाऱ्या नेत्यावर थेट राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. पण तिथे आणखी एक गोष्ट घडली. सरकारने वरिष्ठ अधिकारी राघवेंद्र औरादकर यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि पुढे तिच्या शिफारशींवरून पोलिसांचे पगार वाढले. नेता तुरुंगात आणि मागणी मान्य! संघटनेशी सरळ टेबलावर बोलणं याहून नक्कीच स्वस्त पडलं असतं.

संघटना म्हणजे संप, असं समीकरण डोक्यात बसलंय. जगाने ते कधीच सोडवलं आहे. १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला, १९१९ मध्ये लंडन आणि लिव्हरपूलमध्ये पुन्हा झाला. दुसऱ्या संपातला एकूण एक पोलीस सरकारने कायमचा घरी बसवला. त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनच्या अकराशेच्या आसपास पोलिसांनी संप केला. त्यांनाही परत घेतलं नाही आणि कडक भूमिका घेणारे गव्हर्नर कॅल्व्हिन कूलिज पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ब्रिटिश सरकारने मात्र बडतर्फीबरोबर आणखी एक काम केलं. १९१९ च्याच कायद्याने पोलीस फेडरेशन स्थापन केलं. संप करायचा नाही, बाहेरच्या कामगार संघटनेशी सोयरीक नाही. पण पगार, तास, गणवेश, घर यांबद्दल बोलायचा हक्क कायद्यात लिहून. शंभर वर्षांनंतरही ते फेडरेशन आहे आणि तिथल्या पोलिसाला आजही संपाचा हक्क नाही.

त्याच पार्लमेंटचं राज्य तेव्हा इथेही होतं. आपल्या घरच्या पोलिसाला १९१९ मध्ये फेडरेशन देणाऱ्यांनी हिंदुस्थानी पोलिसासाठी १९२२ मध्ये जो कायदा केला तो पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा. हा कायदा अजून जिवंत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत रिपब्लिक वाहिनीच्या पत्रकारांवर त्याखाली गुन्हा दाखल झाला तेव्हा अनेक वकिलांनीही त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. साहेबाचं अप्रीतीचं कलम आपण जपून ठेवलं, फेडरेशन मात्र घ्यायचं राहून गेलं.

देशात अशी उदाहरणं नाहीत असंही नाही. केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, अधिवेशनं होतात. त्यांच्यावर राजकीय रंगाचा आरोप होतो आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. बिहारमध्येही संघटना आहे. दिल्लीत पोलिसांच्या संघटनेला १९६६ मध्ये मान्यता मिळाली होती, ती पुढे काढली गेली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मान्यता काढणं वैध ठरवलं. म्हणजे मान्यता देणं-न देणं सरकारच्या हातात आहे. कायद्यात ‘परवानगीशिवाय’ असा शब्द आहे. ज्या गोष्टीला परवानगी मिळूच शकत नाही तिच्याबद्दल कायदा असं बोलत नाही.

संपापेक्षा गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो नागरिकांच्या बाजूचा आहे. संघटना मिळाली तर ती चुकार आणि क्रूर पोलिसांची ढाल होईल. अमेरिकेत तसं झालं. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या डेरेक शॉव्हिनविरुद्ध आधीच्या डझनाहून जास्त तक्रारी होत्या. तिथल्या कित्येक शहरांत संघटनांनी केलेल्या करारांमुळे शिस्तभंगाचे जुने कागद पुसले जातात, बडतर्फ झालेले लवादातून परत येतात. कोठडीत मेलेल्या माणसाच्या आईच्या बाजूने पाहिलं तर हा आक्षेप हलका नाही.

पण महाराष्ट्रातलाच एक दाखला बाजूला ठेवून चालणार नाही. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात पकडलेला ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये कोठडीतून नाहीसा झाला. त्याच्या मृत्यूप्रकरणी खटल्यात असलेले चार पोलीस निलंबित होते. जून २०२० मध्ये त्यांना पुन्हा नोकरीत घेतलं गेलं. त्यांतले एक सचिन वाझे. पुढच्याच वर्षी अंबानींच्या घराबाहेर स्फोटकं ठेवलेली गाडी सापडली आणि त्यानंतर वाझेंचं नाव घरोघरी झालं. राज्यात पोलीस संघटना नावालाही नव्हती तेव्हा हे घडलं. वजनदार अधिकाऱ्याला परत यायला संघटना लागत नाही, त्याला वरची मर्जी पुरते. संघटना लागते ती मुलीच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवशी रजा मागणाऱ्याला.

म्हणून मागणी नेमकी कशाची, ते आखून घ्यायला हवं. शिपाई ते सहायक फौजदार अशा हुद्द्यांची राज्याने स्वतः कायदा करून उभी केलेली प्रतिनिधी संस्था. गुप्त मतदानाने निवडलेली, बाहेरचा पुढारी नसलेली, पक्षांच्या झेंड्यापासून लांब. संपाची बंदी आहे तशीच राहावी. तास, सुट्टी, क्वार्टर, गणवेश, आरोग्य योजना, घरासाठीचं डीजी लोन, बदल्या, एवढाच तिचा विषय. कोठडीतला मृत्यू, लाच, मारहाण यांच्या चौकशीत तिला वकिली करायची मुभा नको. त्यासाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे आणि ते दुबळं आहे हा वेगळ्या लेखाचा विषय. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या २००६ च्या निकालानंतर राज्याने बदल्यांसाठी आस्थापना मंडळं केली. शिपायाचा एका जागचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षं, असंही कायद्यात लिहिलं. या मंडळांत बसतात ते सगळे अधिकारी. ज्यांच्या बदल्या सर्वांत जास्त संख्येने होतात त्यांच्यातला एक माणूस निदान ऐकायला तरी आत असावा, यात शिस्त कुठे बिघडते?

हे घडायचं कसं, हाच खरा पेच आहे. १९६६ च्या कायद्याप्रमाणे परवानगी मागता येते. पण परवानगीचा अर्ज करायचा तर चार माणसांनी एकत्र यावं लागतं, एक मसुदा करावा लागतो, सह्या गोळा कराव्या लागतात. परवानगी मिळण्याआधी एकत्र येणं म्हणजे बिनपरवाना संघटना, असं कुणी म्हटलं तर पहिल्या सहीवाल्याची विभागीय चौकशी ठरलेली. तो अर्ज ओ.आर.मध्ये टोपी घालून एकेकट्याने द्यायचा, तर तो एका माणसाचा अर्ज राहतो, संघटनेचा होत नाही. आमदाराकडे गेला तर राजकीय दबाव आणला म्हणून नोटीस, वर्तमानपत्राकडे गेला तर त्याच कायद्यात त्यालाही मनाई. तेव्हा पहिला कागद विधिमंडळातूनच निघायला हवा, आणि तो काढणाऱ्या आमदारांना मतदारसंघातला पोलीस पाटलांचा मेळावा ठाऊक असतोच. दर अधिवेशनाआधी त्यांच्या टेबलावर पाटलांचं निवेदन येऊन पडलेलं असतं.

रविवारी संध्याकाळी पालीच्या रस्त्यावरची शेवटची गाडी वाजेघरकडे निघते तेव्हा अंधार पडलेला असतो. पोलीस पाटील घरी जाऊन म्हशीची धार काढतो. अंमलदार मोटारसायकलला किक मारतो. त्याला ठाण्यात जाऊन डायरीत परत आल्याची नोंद करायची आहे आणि सोमवारी सकाळी दहाला भोरच्या कोर्टात मुद्देमाल घेऊन हजर राहायचं आहे.